तिसरा टेक

मोपाहून उडालो तेव्हा पावणेसात. वारा पडलेला.
नाकाखाली कॅमेऱ्याचा गोळा, चाळीस किलोचा,
आपल्याच तोऱ्यात: मी डुललो तरी तो डुलत नाही.

मागच्या सीटवर एव्हारिस्त, मांडीवर मॉनिटर.
"डावीकडे. हळू. अजून खाली. अजून."
पाय पेडलवर, तळहाताला घाम,
रोटरची थरथर दातांपर्यंत,
पाण्याची बाटली आपोआप सरकत सरकत दाराशी;
आणि पडद्यावर आगरवाड्याची मिठागरं
कुणी काच पुसून ठेवावी तशी.

तिसरा टेक लागला.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली,
उगाच, खालून कसं दिसतं ते बघायला.
बांधावर झिलू, हातात न पेटवलेली विडी.
"काल वयर तूंच आशिल्लो?"
मी हेल्मेट काढलं.

त्यानं कडेचा वाफा दाखवला.
रात्री वारा पडला की साय धरते, म्हणाला,
मिठाची, नखाहून पातळ, पाण्यावर.
फुंकरसुद्धा सोसत नाही तिला.
मग गप्प. मग लाकडी फावड्यानं
तळाचा गाळ ओढत राहिला.

रात्री तो तुकडा पुन्हा लावला,
कडेपर्यंत मोठा करून पाहिला.
एक सुरकुती नाही.
पाणी हललं ते आम्ही पुढे गेल्यावर,
आणि मागे बघणारं काही
यंत्राला बसवलेलं नव्हतं.

निघताना त्यानं पुडी दिली होती:
बुडालेलं मीठ, करडं, जाडं.
ती आता पॅनेलच्या खाचेत असते. वर गेलो की खुळखुळते.
"कसला आवाज?" एव्हारिस्त विचारतो.
काही नाही, म्हणतो मी.
आवाज तसाही घेत नाहीत वरून.