दहाला एक

रविवारी लक्ष्मीपुरीत
कोथिंबिरीच्या पेंढ्या संपतात, तिथून पुढं
बाबालाल मुजावर पोतं अंथरतो.
कुलपं, आणि त्यांना न लागणाऱ्या किल्ल्या,
अडकित्त्याचं एकच पातं, स्टोव्हच्या पिना,
आणि कोपऱ्यात तांब्याचा ढीग, हिरवट काळा,
काहिलीच्या बुडाला धरल्यासारखा.
"दहाला एक," तो म्हणतो,
"निवडून घेतलासा तर पंधरा."

मी निवडूनच घेतो.
पंधरा देऊन वाईटातलं वाईट.

लोकांना शिवराई पूर्ण लागते,
सगळी अक्षरं, कडेची ठिपक्यांची माळ शाबूत.
तसली गुजरीत मिळते, मखमलीवर,
बोट लावायच्या आधी किंमत सांगतात.
माझ्याकडची अशी:
एकीवर 'छत्र' आहे, 'पति' तांब्याबाहेर गेलेला.
एकीवर नुसता 'व'.
श्री नाही, राजा नाही, शि सुद्धा नाही.
फक्त व.
पुढं कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबलेला.
एकीला भोक, कुणाच्या तरी करगोट्यातलं.
आणि एक दोनदा ठोकलेली,
पहिला घाव दुसऱ्याखालून अजून डोकावतो.

मालननं एकदा त्यातली चार
देवाच्या तांब्याबरोबर चिंचेनं घासली.
लखलखीत करून ताटलीत ठेवली माझ्यापुढं, चहासोबत.
दोनशे वर्षांची काळोखी मोरीत गेली.
मी म्हटलं, छान झाली.
"दुकानात दिली तर शेंगदाणा यायचा न्हाई ह्याला," ती म्हणाली.

तीस वर्षं उद्यमनगरात मी कास्टिंग तपासली.
एका हातात हातोडी, दुसऱ्यात लाल रंगाचा डबा.
टण्ण वाजलं तर पुढं.
बद्द वाजलं, बारीक भोक दिसलं, कोअर सरकला,
लाल ठिपका.
दुपारपर्यंत माझी नखं कुंकवात बुडवल्यासारखी.

एकदा ईश्वरा मगदूमच्या साच्यातून
पंपाची बॉडी आली. मापात होती. आवाजही खणखणीत.
फक्त तळाला, जिथं कुणी बघत नाही,
एक अंगठा.
वाळूत खळगा पडला की लोखंडात उंचवटा येतो,
तसा तो वर आलेला,
आतून कुणी दार ढकलावं तसा.

ड्रॉइंगमध्ये अंगठा नव्हता.
मी ठिपका दिला.
त्याचा तो नग धरला नाही त्या दिवशी.
ईश्वरा बोलला नाही काही,
तंबाखू मळत राहिला,
त्याच अंगठ्यानं.

मागच्या रविवारी बाबालालनं खिशातून
एक राणीछाप रुपया काढला, रुमालात गुंडाळलेला.
केसाचा केस दिसत होता.
"तुमच्यासाठनं ठेवलाय. अगदी टकाटक."
मी नखावर वाजवला, कडेनं बघितलं,
राणीच्या मानेखाली बारीक बुडबुडे.
हे ठोकलेलं नाही बाबालाल, ओतलंय.
तो हसला. "तुमाला कळतंय व्हय!"
एवढंच कळतं मला.

रात्री दिव्याखाली ती दोनदा ठोकलेली घेऊन बसतो.
घण उचलला असेल, डोळ्यावर झोप, घरी कुणी आजारी,
किंवा काहीच नसेल,
हात सरकला इतकंच.
पुन्हा ठोकलं.
त्याच्या पलीकडं कुणी तपासणारा बसला असणार,
माझ्यासारखाच.
त्यानं बघितलं असणार.
आणि जाऊ दिलं.

ईश्वराचं कास्टिंग दुसऱ्या दिवशी भट्टीत गेलं.
कुठल्या तरी मळ्यात असेल आता,
पाणी उपसत,
अंगठ्याशिवाय.

आज एक पै मिळाली, वाकडी,
कुणीतरी दातानं पारखल्यासारखी.
मी पंधरा रुपये पुढं केले, पाचाची नोट आणि दहाचं नाणं.
बाबालालनं नोट ठेवली,
नाणं उलटंपालटं करून परत माझ्या हातावर ठेवलं.
"हे चालत न्हाई हिकडं," तो म्हणाला.
"दुसरं द्या."