चौकोन

हेल्मी, तुझं पत्र एकविसाव्या दिवशी पोचलं.
गाय व्याली, कालवड झाली,
सॉनाची चिमणी तडकलीय,
आणि मग चौथ्या ओळीत
सेन्सॉरच्या ब्लेडनं कापलेला चौकोन.

काय होतं तिथे?
तू काही लाडाचं लिहिणारी नव्हेस,
म्हणजे पुलाचं नाव असणार, नाहीतर रेल्वेचं.
तरी रात्रभर
त्या भोकात बोट घालून बसलो.

पहाटे पहाऱ्यावर कागद डोळ्याला लावला :
गोठलेली स्विर, पलीकडे धूर,
आणि त्यांच्यातला एक जण
हातमोजा दातांत धरून
काहीतरी वाचत होता.
बंदूक माझ्या गुडघ्यावरच राहिली.
हे पत्रात लिहिता येणार नाही.

उलट टपाली एवढंच कळव,
कालवडीचं नाव काय ठेवलंस.
ते कापत नाहीत.