हळकुंड मोडताना

चांगलं हळकुंड मोडलं की टण् वाजतं.
ओलं असलं तर नुसतंच तुटतं,
भिजल्या काडीसारखं, तोंड न उघडता.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात
डोळे मिटून माल सांगितला मी :
ही राजापुरी, ही सेलम,
हिला अजून दोन उन्हं द्या.

मग मिरजेला छाती उघडली.
पायातली शीर काढून काळजाला जोडली.
बासष्ट मिनिटं ते बंद होतं,
रक्त बाहेर, यंत्रातून गार होऊन फिरत.
तेवढ्यात कुणी काही बोललं असेल
तर ते माझ्यापर्यंत आलेलं नाही.
कानाला मात्र कुणी हातही लावला नव्हता.

दोन महिन्यांनी पहिलं पोतं सोडलं.
एक मोडलं. ओलं.
दुसरं. ओलं.
पायगोंडा म्हणाला, "काका, खडखडीत माल आहे की!"
बोटांनाही तो खडखडीतच लागत होता.

परत मिरज.
रेहाना मुजावर नावाची पोरगी
कपाळाला, कानामागं गार मलम लावून वायरी चिकटवते.
"पडून राहा. तुम्ही ऐकू नका,
मेंदूला ऐकू दे."
टक् टक् टक् टक्,
ओल्या हळकुंडांचं अख्खं पोतं कुणीतरी मोडत बसलेलं.

पडद्यावर पाच टेकड्या.
चार जागच्या जागी,
पाचवी जरा पुढं सरकलेली,
दंडोबाच्या रांगेतून एखादी रात्रीत उठून गेल्यासारखी.
"किती उशीर?"
"सेकंदाचे हजार भाग केले, तर एकही नाही पुरता."
एवढ्यात तर हळकुंड वाकतही नाही, मी म्हणालो.
ती हसली नाही.
"या ऑपरेशननंतर होतं कधी कधी.
भरून येतं. कधी राहतं."

घरी शालन विचारते, चहा टाकू का.
"का" आधी पोचतो,
चहा मागून, पदर खोचत.

आज हळकुंड दाताखाली धरलं
आणि हातानं खाली दाबून मोडलं.
काहीतरी वाजलं, जबड्याच्या हाडात
की चाळीस वर्षांत कुठंतरी,
सांगता येत नाही.
जीभ कडू. ओठ पिवळे.
अर्ध्या हळकुंडानं.

पायगोंडा वहीवर पेन टेकवून उभा आहे.
त्याचे ओठ हललेत.
प्रश्न निघालाय तिकडून,
वाटेत आहे.