आटे

उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर आटे पाडले,
म्हणून तिघांनाही एकच विचारलं:
स्क्रू कुठला, आणि सैल झाला तर बघणार कोण?

पहिल्यानं सवलत सांगितली.
दुसरा म्हणाला, दोन दिवसांत दात, ऊस सोला खुशाल.
मेटगुड डॉक्टरीण एक्स-रे उजेडाला धरून गप्प.
मग, "मूरु तिंगळु. तीन महिने. हाड धरू दे आधी.
आणि ती तंबाखू गटारात."

निपाणीची पुडी तिच्याच टेबलावर ठेवून आलो.

आता रात्री बारीक ब्रश, दोरा,
हिरडीच्या कडेकडेनं, मशीनला तेल घालायचो तसं.
बायको हसते: कारखाना सुटला,
ह्यांची पाळी काही संपेना.

परवा ऊस नाही, कुंदाच खाल्ला.
जिभेला जुनी फट सापडत नाही.
शोधते मात्र
अजून.