उतरणं फुकट

तिबिलिसीत आठ दिवस झाले होते.
वहीत चौदा घुमट, तीन बुरूज, एक पूल,
सगळे रेखीव, सगळे परके,
दुसऱ्याच्या लग्नातल्या फोटोंसारखे.
काम मात्र बाकड्यापाशी अडलेलं.
एका इस्पितळाच्या व्हरांड्यासाठी
बसायचं काहीतरी काढून द्यायचं होतं मला
आणि दीड महिना कागदावर
नुसते चार पाय उभे होते.

खोली मिळाली ती शहराच्या टोकाला,
सोव्हिएत काळातल्या नऊमजली ठोकळ्यात.
नकाशात सगळे मजले सारखे, शाळेच्या गणवेशातले.
मग कुणाला मुलगा झाला, कुणाची सासू आली,
तसतसे लोकांनी भिंतीला खिसे शिवले.
एकाचा पत्र्याचा, एकाचा काचेचा,
पाचव्यावर तर जुन्या बसच्या खिडक्या,
काळ्या रबरासकट.
मी रस्त्यात उभी राहून खिसे मोजत होते
आणि मांजरं मला.

लिफ्टमध्ये पैशांची पेटी.
नाणं टाकलं तर वर नेते,
नाहीतर जागच्या जागी उभी,
रुसलेल्या जावयासारखी.
उतरणं फुकट.
माझ्याकडे सुटे नव्हते.
मागून एक हात आला, कोथिंबिरीच्या वासाचा,
वीस तेत्री टाकले,
सातचं बटण दाबलं,
आणि मग भुवईनंच विचारलं, तुझा कितवा?
ही मकवला.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद.
जिन्यात ती पुढे, मी मागे,
मध्ये तिचा नातू बेसो, शाळेतल्या इंग्रजीसह.
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये ती थांबली,
भिंतीला टेकलेल्या फळीची कडी काढली,
फळी आडवी झाली, ती बसली,
बटाट्यांची पिशवी खिळ्याला.
खिळा डावीकडे. ती डावरी.

आजोबांनी केली, बेसो म्हणाला.
ओतिया ट्रॉलीबस दुरुस्त करायचा,
फळी तिथल्याच सीटची.
नव्वदीतले हिवाळे, वीज नाही, लिफ्ट नाही,
आणि हिचा गुडघा बर्फावर मोडलेला.
त्यानं हिला इथे उभं केलं,
गुडघ्यामागे भिंतीवर खडूची रेघ मारली,
रेघेवर बिजागरी.
बस्स.

फळी मागे उतरती होती, एक बोटभर.
मला वाटलं, लाकूड वाकलं असेल,
तसं म्हणालेही.
मकवला उठली, मला बसवलं,
माझ्या शेजारी फळीवर दोन टोमॅटो ठेवले
आणि हात काढून घेतला.
टोमॅटो गेले नाहीत कुठे.

फोटोसाठी फोन वर केला तर
ती काहीतरी बोलली. बेसोनं जरा विचार करून सांगितलं:
फोटोत उंची येत नाही म्हणते.
मग मी वीत लावली.
दोन विती, दोन बोटं.
चौदाव्या घुमटाच्या पाठीवर लिहून घेतलं,
खाली टोमॅटोचं चित्र,
दीड महिन्यात पहिल्यांदा
खोडरबर न शोधता.

इतक्यात वरून दोघं गादी घेऊन आले.
आम्ही उठलो, फळी भिंतीला, पोटं आत,
गादी गेली, फळी खाली.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
ओतिया कधी गेला, मी विचारलं नाही.
कडीला तेल ताजं होतं.
मी तेलाचं बोट पाहिलं,
तर बेसो उगाच जिन्याकडे बघू लागला.

निघायच्या दिवशी लिफ्ट चालू झाली.
वीस तेत्री फेडायचे राहिले होते.
सहाव्या मजल्यावर आत वाकून नाणं टाकलं,
सात दाबलं, हात काढून घेतला.
लिफ्ट रिकामीच तिच्याकडे गेली.
मी बॅग उचलून जिन्यानं निघाले.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
काही दुखत नव्हतं,
तरी बसले.