नखाएवढा आस

नुगझारची देलिका बोलायला लागली
तेव्हा अलवानीत द्राक्षतोडणी चालू होती.
सुटताना एक ठक्, थांबताना एक ठक्,
मध्ये गप्प,
पाहुणे असेपर्यंत नवरा-बायको गप्प असतात तशी.

मी बापाच्या खड्ड्यात उतरले.
मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ.
आस बाहेर ओढला, रॉकेलने पुसला,
वर खडूची पूड फासली
आणि थांबले.
हळूहळू पांढऱ्यात एक ओली रेघ उमटली.
जवळजवळ अर्धा घेर.

"हा घेऊन अबानो चढायचा नाही.
नवा यायला चार दिवस. चार दिवस द्राक्षं तोड."

वर ओमालोत सात माणसं वाट बघतायत, तो म्हणाला,
चीजच्या कातडी पिशव्या, एक आजारी म्हातारी,
बर्फ पडला की घाट उन्हाळ्यापर्यंत बंद.
"एवढीशी रेघ! केस चिकटला असेल.
तुझा बाप असता तर दोन हातोडे मारून
सोडला असता मला."

खरंच सोडला असता.
त्या घाटात तेरा दगड आहेत, चेहरे कोरलेले,
पुढ्यात पेला ठेवायला जागा असलेले.
त्यातल्या कितीजणांची चाकं
बापाच्या हाताखालून गेली
मी कधी मोजलं नाही.

आस परत बसवला.
नवं सील. वीस लारी.
पैसे घेताना हात थरथरला नाही,
ते नंतर खुपत राहिलं.

तो चढला. उतरला.
माणसं आणली, चीज आणलं, म्हातारी आणली,
सगळ्यांना घरोघरी सोडलं,
आणि माझ्या दारावरून भोंगा वाजवत गेला
मला खिजवायला.

पुढे शाळेसमोर, सपाट रस्त्यावर,
बैलाच्या चालीने जाताना
गाडी मागच्या अंगाने खाली बसली.
चाक मात्र
आपलं आपण पुढे गेलं.
त्याला घाई नव्हती.
बाकावरच्या बायकांपुढून गेलं.
मझेकाला बुटाची नाडी बांधायला थांबली होती;
एरवी ती जिथे असती
तिथून गेलं,
अक्रोडाच्या बुंध्याला धडकलं
आणि नाणं पडतं तसं
गरगरत आडवं झालं.

लोक हसले. नुगझारही.
कुणीतरी वाईनचा जग आणला.

मी तुटका आस उचलला.
तोंडावर दोन रंग होते.
बहुतेक भाग तपकिरी, गुळगुळीत,
खोडाच्या वर्षांसारखी वलयं पडलेला.
हा कधीचाच तुटलेला,
रोज थोडा, फेरीगणिक,
आत गाणी चालू असताना.
आणि कडेला, साखरेसारखा चमकणारा,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
आज फक्त तेवढा तुटला.
तेवढ्यावर सात माणसं घाट उतरली.

आस तुटतो.
माणसाची आस तुटत नाही,
हाच सगळा घोळ आहे.

आता तो खिडकीत असतो.
चमक गंजू नये म्हणून
दर रविवारी तेलाचं बोट फिरवते.
"जाऊ दे गं, एवढंसं तर आहे," असं कुणी म्हटलं
की मी वाद घालत नाही, त्याच्या हातात देते.
जड आहे, म्हणतात.
काही जण गाडी ठेवून जातात,
काही जण नाही.

मझेकाला शाळेतून येताना कधीकधी मागते.
चमकत्या जागेवर अंगठा ठेवून बघते.
तिचं नख लहान आहे.
अजून झाकत नाही.