हातावर हात

बावीस वर्षं बस चालवली मी या चढउतारांवर.
आता पगार मिळतो न चालवण्याचा.
हातावर हात ठेवून बसू नये, म्हणायची आई;
तिला सांगायला हवं होतं,
पिट्सबर्गमध्ये हल्ली त्याचे तासाला चोवीस डॉलर देतात.

स्टिअरिंग आपलंआपण फिरतं.
माझी बोटं त्याच्या खाली, जराशा अंतरावर,
नव्यानं सायकल शिकणाऱ्या पोराच्या
सीटमागे असतात तशी:
धरलेली नाहीत, सुटलेलीही नाहीत.

शेजारी ट्रेंट, मांडीवर लॅपटॉप,
सपाट मुलखातला मुलगा.
त्याच्या पडद्यावर आमचा रस्ता म्हणजे नुसत्या चौकटी.
माणूस चौकटीत, कुत्रं चौकटीत,
मिसेस हर्चको आणि तिची चाकांची पिशवी
दोघी मिळून एका चौकटीत.
(हे मात्र बरोबर आहे.
त्या दोघींना मीही कधी वेगळं पाहिलेलं नाही.)

जानेवारीत पोलिश हिलच्या उतारावर गाडी थांबली.
कडेला, थोडी रस्त्यात आलेली,
स्वयंपाकघरातली एक खुर्ची,
मोडक्या पायाला निळी चिकटपट्टी.
'अडथळा,' ट्रेंट म्हणाला, 'स्थिर. कुणीतरी टाकून दिलेला.'
बाबा रे, टाकलेली नाही, ठेवलेली आहे.
स्टॅश वोइचिकनं दीड तास बर्फ उपसलंय तिथं,
पंचाहत्तराव्या वर्षी, कंबरेला पट्टा आवळून.
तो डायलिसिसहून परत येईपर्यंत
तिथं खुर्ची नाही, स्टॅशच बसलाय.
ट्रेंटनं मान हलवली
आणि टाइप केलं: फर्निचर.

मग लिबर्टी अव्हेन्यूचा सिग्नल.
हिरवा पडला की समोरून डावीकडे वळणारा जो पहिला,
त्याला आधी जाऊ द्यायचं.
कायद्यात नाही हे, कुठल्या पाटीवरही नाही.
रस्ते अरुंद, तो अडला तर त्याच्यामागे सगळं तुंबतं.
बापानं मला शिकवलं नाही,
त्याच्या शेजारी बसून कळलं:
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची,
बास, एवढंच.

गाडी हिरव्याबरोबर निघाली,
नियमानं, निर्दोष.
समोर प्लंबरची व्हॅन अर्धी वळलेली,
त्याची नजर माझ्या नजरेत.
मी ब्रेक दाबला, दोन बोटं उचलली.
त्यानंही उचलली, आणि गेला.

मग फॉर्म.
ताबा का घेतलात? धोका होता?
नव्हता. ('ती थांबलीच असती,' ट्रेंट म्हणाला. खरं आहे.)
सेन्सरमध्ये बिघाड? नाही.
मार्गात वस्तू? नाही.
यादीत मुरवत नव्हती.
मी 'इतर'वर टिचकी मारली.

त्या संध्याकाळी पाच इंजिनिअर आणि गार झालेला पिझ्झा.
'बेकायदेशीर गोष्ट शिकवायची कशी?'
'आणि दुसऱ्या शहरात ती अशीच थांबली,
आणि मागचा येऊन आदळला तर?'
तेही खरंच.
मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते.
एकदा बसमधून मी अशीच दोन बोटं उचलली होती;
वळणाऱ्या पोरानं माझ्याकडे पाहिलं,
रस्ता ओलांडणाऱ्या बाईकडे नाही.
अर्लीन टॅगर्ट. उजवा हात, दोन ठिकाणी.
ती मला कधी काही बोलली नाही.
मीही त्या खोलीत काही बोलले नाही.

मार्चमध्ये तोच सिग्नल.
हिरवा पडला.
गाडी उभी.
एक क्षण, मग आणखी अर्धा.
समोरची पिवळी गाडी वळून निघून गेली,
आतल्या बाईनं जाता जाता दोन बोटं उचलली,
कुणाला, कोण जाणे.
माझे हात मांडीवर होते, शपथेवर सांगते.

'सकाळी नवीन आवृत्ती टाकलीय,' ट्रेंट म्हणाला,
'जरा अडखळतेय.'
असेल.

रस्ता मोकळा झाला तरी ती तिथंच उभी होती.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.